प्रीफॅब आणि वीज वाचवणारा बंगला : नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

आम्ही नाशिक आणि आसपास घरं बांधतो. काही विटांची, काही कारखान्यातून तयार होऊन येणारी, बरीचशी अर्धी अशी अर्धी तशी. साइटवर, फोनवर आणि लग्नाच्या पंगतीतसुद्धा जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात ते इथे एका जागी केलेत. दोन-तीन उत्तरांत ‘तुम्ही प्रीफॅबच्या नादी लागू नका’ असंही लिहिलंय, ते मुद्दाम.

प्रीफॅब म्हणजे साइट ऑफिसचा तो पत्र्याचा डबाच ना?

नाही, पण गैरसमज साहजिक आहे. अंबड-सातपूरच्या एमआयडीसीत आपण सगळ्यांनी तोच डबा पाहिलाय. प्रीफॅब म्हणजे घराचे भाग कारखान्यात बनवून जागेवर जोडायचे, एवढंच. बंगल्यांसाठी आपल्याकडे मुख्यतः तीन प्रकार चालतात. एक, गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या पातळ सेक्शनचा सांगाडा, ज्याला लाइट गेज स्टील फ्रेम म्हणतात. त्याला आतून-बाहेरून सिमेंट बोर्ड आणि मध्ये रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली लोकर. दुसरा, सँडविच पॅनेल, म्हणजे दोन पत्र्यांच्या मध्ये पफ (पॉलीयुरेथेनचा फोम) किंवा थर्माकोल. तिसरा, काँक्रीटच्या ओतीव भिंती आणि स्लॅब, म्हणजे प्रीकास्ट.

केंद्र सरकारच्या ‘लाइट हाउस’ प्रकल्पांत हे तिन्ही प्रकार वापरलेत. १ जानेवारी २०२१ रोजी सहा शहरांत त्यांची पायाभरणी झाली. इंदूरला सँडविच पॅनेल, चेन्नईला प्रीकास्ट, आगरतळ्याला स्टील फ्रेम. ती परवडणारी घरं होती, बंगले नव्हेत. पण तंत्र तेच. श्रीमंती दिसते ती वरच्या फिनिशिंगमध्ये.

प्रीफॅब घर नाशिकच्या उन्हाळ्यात तापतं का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं एका शब्दात देणाऱ्याकडून घर बांधून घेऊ नका.

भिंतीतून किती उष्णता आत येते ते यू-व्हॅल्यूवरून कळतं. आकडा जितका लहान तितकं बरं. दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेल्या नऊ इंची विटेच्या भिंतीचा हा आकडा साधारण २ असतो. ५० मिलिमीटरच्या पफ पॅनेलचा अर्ध्याहूनही कमी, ०.४५च्या आसपास. कागदावर पॅनेल चौपट चांगलं.

पण भिंत उष्णता नुसती अडवत नाही, साठवतेही. विटेची जाड भिंत दुपारचं ऊन पोटात घेते आणि ते आतल्या बाजूला पोचायला सहा-सात तास लावते. तोवर रात्र होते, आणि नाशिकची रात्र मे महिन्यातही बरीच निवते. खिडक्या उघडल्या की भिंत पुन्हा गार. पंचवटीतल्या, सराफ बाजारामागच्या जुन्या वाड्यांत भर दुपारी पाय टाकला की जो गारवा लागतो तो या जाड भिंतींचा आणि मधल्या चौकाचा.

पॅनेलच्या घराला असं पोट नसतं. बाहेरचं ऊन ते अडवतं, पण खिडकीतून आत शिरलेलं ऊन, स्वयंपाकाची उष्णता, चार माणसं, फ्रिज हे सगळं आतल्या हवेलाच तापवतं. पश्चिमेची एक खिडकी उघडी राहिली की संध्याकाळी पाचला खोली भट्टी होते. उलट एसी लावला की तीच खोली विटेच्या खोलीपेक्षा लवकर गार होते, कारण भिंतींना गार करत बसावं लागत नाही.

म्हणून दिवसभर घरात माणसं असतील आणि एसी फक्त रात्री, तर खाली जड बांधकाम ठेवा. शनिवार-रविवारचं फार्महाऊस असेल, शुक्रवारी रात्री येऊन एसी लावायचा असेल, तर पॅनेलचं घर सोयीचं. शहरातल्या बंगल्यासाठी आम्हाला स्वतःला संमिश्र रचना पटते : तळमजला वीट किंवा एएसी ब्लॉकचा (सिमेंटचा हलका, सच्छिद्र ठोकळा), पश्चिमेची भिंत आपल्या काळ्या दगडाची, आणि वरचा मजला स्टील फ्रेमचा, कारण वरच्या खोल्या झोपण्यापुरत्याच वापरतात.

वीज वाचवायची तर सगळ्यात आधी पैसे कशावर घालायचे?

छतावर. दुसऱ्या क्रमांकावरही छतच.

ज्या गच्चीवर कुरडया दुपारपर्यंत कडकडीत वाळतात, तेच ऊन खालच्या बेडरूममध्ये उतरतं. सहा इंची उघड्या स्लॅबची यू-व्हॅल्यू साडेतीनच्या जवळपास असते. घरांच्या वीज बचतीसाठी केंद्र सरकारनं २०१८ साली आणलेल्या ‘इको निवास संहिते’नं छतासाठी घातलेली कमाल मर्यादा १.२ आहे. म्हणजे आपली नेहमीची गच्ची मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट. ब्रिक बॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) आणि वर चायना मोझॅक केलं तर फरक पडतो, पण कोबा मुळात पाणी अडवायला असतो. स्लॅबवर दोन इंचाचे एक्सपीएसचे (दाट, कडक फोमचे) तक्ते टाकून वर कोबा केला की आकडा ०.५ पर्यंत येतो.

तक्ते स्लॅबच्या वर टाकायचे, खाली नाही. खाली फॉल्स सीलिंगमध्ये टाकले तर स्लॅब तापतच राहतो आणि रात्रभर ती उष्णता तिथेच घुटमळते. वर पांढरा, ऊन परतवणारा रंग दिला तर आणखी बरं. तो दर काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो, कारण धूळ बसली की पांढरा पांढरा राहत नाही.

ही इको निवास संहिता आमच्या बंगल्याला लागू आहे का?

तिची २०१८ ची आवृत्ती ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या निवासी इमारतींसाठी लिहिलेली आहे. तुमचा प्लॉट लहान असला तरी तिचे आकडे आर्किटेक्टपुढे ठेवा. भिंती-खिडक्यांसाठी तिच्यात आरईटीव्ही नावाचं एक माप आहे : बाहेरून आत येणारी उष्णता दर चौरस मीटरला १५ वॅटच्या वर जाऊ नये. ‘आमच्या डिझाइनचा आरईटीव्ही किती?’ एवढं विचारलंत तरी समोरचा माणूस सावरून बसतो.

आम्हाला गंगापूर धरणाचं पाणी दिसेल अशी पूर्ण उंचीची काच हवी आहे. चालेल?

या प्रश्नावर आमच्या ऑफिसात बरेच चहा झालेत.

धरण शहराच्या पश्चिमेला. साहजिकच त्या बाजूचे प्लॉट विकताना ‘सनसेट व्ह्यू’ म्हणून विकतात. मावळतीचा देखावा म्हणजे मावळतीचं ऊन, हे मात्र ब्रोशरमध्ये नसतं.

थोडं गणित बघा. नाशिक २० अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्या वेळी दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटी छज्जा पुरून उरतो. डिसेंबरात दुपारचा सूर्य ४६-४७ अंशांवर उतरतो, तेव्हा तोच छज्जा वरच्या दोन फुटांवर सावली ठेवतो आणि खालून हवंहवंसं ऊन आत सोडतो. निफाडला पारा ५ अंशांखाली जातो त्या दिवसांत हे ऊन कोणाला नको असतं?

पश्चिमेला हा हिशोब कोलमडतो. मे महिन्यात संध्याकाळी पाचला सूर्य २७ अंशांवर असतो. दोन फुटी छज्जा जेमतेम एक फूट सावली देतो, आणि तुमची काच दहा फूट. साध्या ६ मिलिमीटर काचेतून उन्हातली सुमारे ८० टक्के उष्णता आत येते. चांगल्या दुहेरी, सोलर कंट्रोल लेप असलेल्या काचेतून २५-३० टक्के. तरीही दहा फुटी काचेचे ३० टक्के म्हणजे काही कमी नाही.

तडजोड अशी : काच ठेवा, पण तिच्या बाहेर आठ-दहा फुटांचा ओटा आणि त्यावर छत. ओट्याच्या कडेला सरकणाऱ्या लाकडी झडपा किंवा सरळ बांबूच्या चिका, म्हणजे गुंडाळायचे पडदे. दुपारी तीनला ओढायच्या, सहाला उघडायच्या. पडदा काचेच्या आत लावून उपयोग नाही. ऊन तोवर घरात आलेलं असतं. आणि खरं सांगायचं तर सूर्यास्त ओट्यावर बसूनच छान दिसतो.

वास्तुशास्त्र आणि वीज बचत यांचं जमतं का?

बरंचसं जमतं. नैऋत्येला जड बांधकाम ठेवा, ईशान्य मोकळी ठेवा हे उन्हाच्या हिशोबानंही ठीक बसतं. अडतं ते एकाच ठिकाणी : मुख्य बेडरूम नैऋत्येला. ती खोली घरातली सर्वांत तापणारी. तिथे बाहेरच्या बाजूला कपाटांची रांग किंवा बाथरूम घ्या, म्हणजे पंडितजीही खूश आणि एसीही.

जर्मनीसारखं पॅसिव्ह हाउस इथे बांधता येईल?

पहिलं पॅसिव्ह हाउस १९९१ साली डार्मश्टाट शहरात उभं राहिलं, ते थंडीसाठी. हवाबंद कवच, आतली उष्णता बाहेर जाऊ न देणं हा त्याचा गाभा. आपल्याकडे वर्षातले कितीतरी महिने रात्री खिडक्या उघड्या टाकून झोपता येतं. घर डबीसारखं बंद करून यंत्रानं हवा खेळवण्यात काय हशील? त्यातलं इन्सुलेशन घ्या, फटी बुजवण्याची शिस्त घ्या, बाकीचं तिथेच राहू द्या. जाळीच्या खिडक्या मात्र समोरासमोर हव्यात. मच्छरजाळी नसेल तर लोक रात्री खिडकी उघडतच नाहीत, आणि मग सगळं शास्त्र वाया जातं.

घर हलकं असतं, म्हणजे पायाही कमी लागेल ना?

मुरूम किंवा कातळ लागला तर हो. काळ्या मातीत मात्र उलटं आहे.

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात मखमलाबाद किंवा आडगावच्या शेतात उभे राहा, हात जाईल एवढ्या भेगा दिसतील. माती फुगते तेव्हा खालून वर ढकलते. जड घराचं वजन त्या रेट्याला थोडं दाबून तरी धरतं; हलकं घर उचललं जातं. मग दारं अडकायला लागतात, बोर्डाच्या सांध्यांवर केसासारख्या रेषा येतात, आणि मालक पॅनेलवाल्याला शिव्या घालतो. चूक पायाची असते.

आधी मातीची तपासणी करून घ्या. थर उथळ असेल तर काळी माती पूर्ण काढून मुरूम भरून, पाणी मारून, थरावर थर दाबायचा. खोल असेल तर अंडररीम्ड पाइल, म्हणजे खाली कंद असलेले खांब; रुरकीच्या सीबीआरआय संस्थेनं हे तंत्र आपल्याकडे रुजवलं. घराभोवती चार-पाच फुटांची फरसबंदी करा आणि गच्चीचं पाणी पायाशी सोडू नका. बागेला ठिबकचं पाणी अगदी भिंतीला लागून देणारेही आम्ही पाहिलेत. तेवढं नका करू.

खरंच तीन-चार महिन्यांत घर उभं राहतं?

भिंती आणि छत उभं राहतं, हो. दोन हजार चौरस फुटांचा सांगाडा जागेवर आला की जोडणीला काही आठवडेच लागतात. स्लॅब ओतून पाणी मारत बसायचं नाही, सेंट्रिंग नाही, उन्हाळ्यात टँकर नाही. पण त्याआधी ड्रॉइंग पक्कं करायला जो वेळ लागतो तो कोणी मोजत नाही. विटेच्या घरात ‘इथे अजून एक खिडकी काढा हो’ म्हणता येतं. इथे कारखान्यात पत्रा कापला की संपलं. स्विचबोर्ड, एसीचा पाइप, गिझर, वॉशिंग मशिनचं आउटलेट सगळं आधी ठरवावं लागतं, आणि घरातल्या तीन पिढ्यांचं त्यावर एकमत व्हावं लागतं. यात दोन महिने जातात. धरूनच चाला.

दुसरी गोष्ट मापांची. आमच्याच एका कामाचं सांगतो. जोतं आम्ही नेहमीच्या गवंड्याकडून करून घेतलं. माणूस हातचा पक्का, पण त्याचं माप सुतात : आठ सूत म्हणजे इंच. ‘दोन सूत इकडेतिकडे चालतंय साहेब, प्लास्टरमध्ये जाईल.’ विटेच्या घरात जातंच. इथे सांगाडा मिलिमीटरवर कापून आला होता. जोत्याचे दोन कर्ण मोजले तर पाऊण इंचाचा फरक. ट्रक फाटकात उभा, क्रेनचं भाडं तासावर चाललेलं, आणि आम्ही ग्राइंडर घेऊन जोत्याची कड कापत बसलेलो. संध्याकाळी गवंडी म्हणाला, ‘आधी सांगितलं असतं तर सुतातच बरोबर केलं असतं.’ खरं होतं ते. तेव्हापासून ट्रक बोलावण्याआधी कर्ण आम्ही स्वतः मोजतो, दोनदा.

इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात टिकेल का?

इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, नाशिक शहराच्या कितीतरी पट. तिथे सपाट छताचं घर दाखवणाऱ्या कॅटलॉगकडे बघूच नका. उताराचं छत, भिंतीपुढे दीड-दोन फूट आलेल्या वळचणी, आणि खाली जोतं चांगलं उंच. पाणी पॅनेलमधून गळत नाही, सांध्यांतून गळतं : जिथे छत भिंतीला भेटतं, जिथे स्क्रू आत जातो, जिथे डिशची तार ओढायला कोणीतरी नंतर भोक पाडतं. सिलिकॉनवर सगळा भार टाकू नका. पत्र्यावर पत्रा चढवून पाणी आपोआप बाहेर पडेल अशी घडण हवी, सिलिकॉन वरून.

सांगाड्याचा पत्रा किमान झेड २७५ जस्ताच्या लेपाचा आहे का ते मालासोबत येणाऱ्या चलनावर बघा. म्हणजे दर चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून २७५ ग्रॅम जस्त. आणि हो, पत्र्यावर पावसाचा आवाज येतो. कोणाला गोड वाटतो, कोणाला झोप लागत नाही. खाली रॉकवूल घातलं की बराच दबतो.

भूकंप, वारा, आग?

भूकंपासाठीच्या भारतीय मानकाच्या, म्हणजे आयएस १८९३च्या, २०१६ च्या आवृत्तीत नाशिक तिसऱ्या भूकंप क्षेत्रात येतं. हलक्या घरावर भूकंपाचा जोर कमी येतो, ही जमेची बाजू. वाऱ्याचं मात्र उलट : नाशिकसाठी डिझाइनचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर धरतात. त्यामुळे छत भिंतीला आणि भिंत पायाला कशी बांधली आहे हे बघा. आगीसाठी थर्माकोलपेक्षा रॉकवूल निवडा. ते जळत नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीत तरी दुसरं काही घालू नका.

भिंतीला खिळा ठोकता येतो का? झोपाळा टांगता येईल?

फोटो फ्रेम, घड्याळ कुठेही. टीव्ही, वरची कपाटं, देव्हारा यांच्यामागे प्लायची पट्टी आधीच घालून घ्यावी लागते. झोपाळ्यासाठी वर वेगळा स्टीलचा बीम. तो ड्रॉइंगमध्ये असला पाहिजे, कारण सहा माणसं बसून झोका घेतात तेव्हा भार नुसता खाली येत नाही, हलतोही. एका आजींनी सगळी ड्रॉइंगं बघून एवढंच विचारलं होतं, ‘झोपाळा कुठंय?’ नव्हता. ड्रॉइंग बदललं.

प्रीफॅबला परवानगी लागत नाही असं ऐकलंय.

चुकीचं ऐकलंय. राहण्याचं पक्कं घर कशाचंही असो, परवानगी लागतेच. महापालिका हद्दीत महापालिकेची, बाहेर एनएमआरडीए (नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) किंवा संबंधित प्राधिकरणाची. नियम डिसेंबर २०२० पासूनच्या यूडीसीपीआरचे, म्हणजे राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीचे. सातबाऱ्यावर जमीन शेतीची असेल तर आधी बिगरशेतीचा प्रश्न मिटवा. ‘चाकांवरचं घर आहे, उचलून नेता येतं’ ही पळवाट सांगणारे भेटतात. नोटीस आली की तेच फोन उचलत नाहीत.

स्वस्त पडतं का?

चांगल्या दर्जाचं प्रीफॅब विटेच्या घरापेक्षा स्वस्त पडेल या आशेवर घेऊ नका. वेळ वाचतो, कचरा वाचतो, पाणी वाचतं. कोटेशनमधल्या चौरस फुटाच्या भावात जोतं, सेप्टिक टाकी, क्रेन, वाहतूक, जीएसटी आहे का ते ओळ न् ओळ विचारा, बहुतेकदा नसतं. कर्ज काढणार असाल तर बँकेला बांधकामाचा प्रकार आधीच सांगा. पैसे कारखान्याला आगाऊ द्यावे लागतात आणि बँक हप्ता सोडते जागेवरचं काम बघून. या दोन वेळापत्रकांचा मेळ घालताना भल्याभल्यांची दमछाक होते.

सोलर किती बसवावं?

आधी छत आणि खिडक्या, मग पंखे, मग सोलर. जुना पंखा ७०-८० वॅट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३०च्या आसपास. बंगल्यात बारा पंखे असतात, करा हिशोब.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्य घर’ योजनेत २ किलोवॅटपर्यंत प्रति किलोवॅट ३०,००० आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला एकूण ७८,००० रुपये अनुदान मिळतं. त्याच्या वर कितीही मोठा संच बसवा, अनुदान तेवढंच. ३ किलोवॅटला साधारण ३०० चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला सरासरी बारा युनिटच्या आसपास वीज मिळते. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे बरीच कमी. पॅनेलच्या छतावर सोलरचं स्टँड भोकं पाडून बसवू देऊ नका. उभ्या शिवणीच्या पत्र्याचं, म्हणजे सांधे वर दुमडून उभे केलेलं छत घेतलंत तर स्टँड नुसत्या क्लॅम्पवर बसतं. पाण्याच्या सोलर हीटरचं म्हणाल, तर बोअरचं जड पाणी त्यात क्षार साठवतं. नळाचं पाणी जोडा.

एसी किती टनाचा?

‘एवढ्या फुटांना एवढे टन’ हा अंदाज तापणाऱ्या स्लॅबसाठी आहे. छत नीट केलं असेल तर दीडच्या जागी बऱ्याचदा एक टन पुरतो. आधी एक उन्हाळा काढा, पाइप आणि पॉइंट तेवढे ठेवा.

कंटेनरचं घर कसं वाटतं?

फोटोत छान. चाळीस फुटी कंटेनरची बाहेरची रुंदी आठ फूट. आतून इन्सुलेशन आणि बोर्ड केलं की पलंगाच्या बाजूनं आडवं चालावं लागतं. शेतावरच्या पाहुण्यांच्या खोलीला ठीक. आलिशान वगैरे नाही.

आमच्या प्लॉटवर प्रीफॅब होईल का, हे फोटो पाठवून सांगता येईल?

बरंचसं येतं. संध्याकाळी पाचला प्लॉटच्या मधोमध उभं राहून पश्चिमेकडे तोंड करून एक फोटो काढा. एक फोटो जमिनीचा, शक्यतो उकरलेल्या खड्ड्याचा. आणि मुख्य रस्त्यापासून फाटकापर्यंत येताना मोबाइलवर व्हिडिओ काढत या. ट्रेलर वळेल का, वरून महावितरणच्या तारा किती खाली आल्यात आणि शेजारच्यांच्या कडुनिंबाची फांदी आड येते का, ते त्यात दिसतं. सिंहस्थाच्या कामांमुळे तुमच्या बाजूचा रस्ता खोदलेला असेल तर तेही कळवा, क्रेन दुसऱ्या बाजूनं आणावी लागते.